तारेला ओवलेली पत्रं: नाशकात जुनी पोस्टकार्डं जमवायची तर

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात माजघराच्या खुंटीला एक जाड तार लटकलेली असायची. वरचं टोक आकड्यासारखं वळवून टोकदार केलेलं, खाली लाकडाची चकती. पत्र आलं, वाचून झालं, घरात सगळ्यांना ऐकवून झालं, की आजोबा ते मधोमध तारेत खुपसायचे. तार भरली की माळ्यावर जायची आणि खुंटीला नवी यायची. वाडा पाडायला निघाला तेव्हा तांब्या-पितळेची भांडी काकांनी नेली, देव्हारा आत्याकडे गेला. अकरा तारा कुणालाच नको होत्या, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

पुढे एका विक्रेत्याला त्यातली काही कार्डं दाखवली. त्याने एकेक उजेडात धरलं आणि म्हणाला, "सगळ्यांना भोक आहे हो. भाव नाही यांना." बाजाराच्या हिशेबाने त्याचं चुकलं नव्हतं. पण ते भोक म्हणजे कार्ड कुणीतरी वाचून ठेवून दिल्याची खूण आहे. शिवाय तारेवर पत्रं आली तशी ओवली गेल्यामुळे कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे आपोआप कळतं. कोऱ्या, गुळगुळीत कार्डाला असलं काही सांगता येत नाही.

नव्याने जमवायला लागणारे बहुतेक जण चित्र बघून कार्ड घेतात. मी म्हणेन, आधी उलटून बघा. पत्ता, शिक्का, मजकूर, छापील तिकीट: नव्वद टक्के गंमत त्या बाजूला असते आणि ती स्वस्तही असते. पुढचं सगळं याच अंगाने लिहिलं आहे.

पहिलं काम: घरचा माळा

बाजारात जायच्या आधी नातेवाइकांकडे जा. जुन्या ट्रंका, पोथ्यांचे रुमाल, शिवणयंत्राचा खण, दुकानाच्या कीर्द-खतावण्या. व्यापारी घरांत तर मालाच्या मागणीची कार्डं गठ्ठ्याने मिळतात. तांबट आळी, भांडी बाजार, सराफ बाजार या भागात तीन-चार पिढ्यांचा धंदा असलेली घरं अजून आहेत. त्यांना एकदा विचारून ठेवा आणि परत सहा महिन्यांनी आठवण करा. पहिल्यांदा विचारलं की "काही नाही हो आमच्याकडे" असंच उत्तर येतं.

तार किंवा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा हाती आला तर लगेच मोकळा करू नका. ही चूक मी केली आहे. पहिली तार मी उत्साहात एका दुपारी रिकामी केली, कार्डं आकाराप्रमाणे लावली आणि क्रम कायमचा गेला. त्यातली पन्नासेक बिनतारखेची कार्डं आजही अधांतरी आहेत. दुसऱ्या तारेपासून शहाणा झालो: एकेक कार्ड काढायचं, मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक क्रमांक घालायचा, मगच पुढचं.

त्याहून मोठं पाप लहानपणीचं. शाळेत तिकिटं जमवायचं वेड लागलं होतं. राजाचं डोकं असलेलं तिकीट हवं म्हणून मी आजोबांच्या कार्डांवरची छापील तिकिटं कात्रीने चौकोनी कापून काढली. ती तिकिटं केव्हाच हरवली. वीस-बावीस खिडक्या पडलेली कार्डं तेवढी शिल्लक आहेत. तुमच्या घरातल्या कुठल्या मुलाने हे केलं असेल तर अशी कार्डंही टाकू नका, मजकूर शाबूत असतो.

हे कार्ड आलं कुठून

पत्र म्हटलं की पाकीट, लाख, मायना आणि चार पानं, अशी रीत असताना उघडं कार्ड पाठवायची कल्पना अनेकांना असभ्य वाटली होती. नोकरचाकर, पोस्टमन, शेजारी सगळे वाचणार! १८६५ मध्ये प्रशियाचा टपाल अधिकारी हाइनरिश फॉन श्टेफान याने ही सूचना केली, ती बासनात गेली. चार वर्षांनी ऑस्ट्रियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमॅन्युएल हेरमान यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून तीच गोष्ट मांडली. छोट्या निरोपासाठी इतका कागद, वेळ आणि पैसा कशाला, हा त्यांचा मुद्दा होता. तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याला पटला आणि १ ऑक्टोबर १८६९ ला जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड विक्रीला आलं. बरोबर एका वर्षाने इंग्लंडने अर्ध्या पेनीचं कार्ड काढलं.

याच्याही आधीची एक मजा आहे. १८४० मध्ये लंडनच्या थिओडोर हुक या विनोदी लेखकाला हाताने रंगवलेलं एक कार्ड पोस्टाने आलं. वर पेनी ब्लॅक तिकीट, आणि चित्रात अवाढव्य दौतीभोवती बसलेले टपाल कारकून, म्हणजे टपालखात्याचीच टिंगल. अभ्यासकांचा अंदाज असा की हुकने ते स्वतःच स्वतःला पाठवलं होतं. २००२ मध्ये लिलावात त्याला ३१,७५० पौंड आले.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. साध्या पत्राला तेव्हा अर्धा आणा पडायचा, म्हणजे निम्म्यात काम. तपकिरी छपाई, कोपऱ्यात राणीचा चेहरा, वर इंग्रजीत "ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड" आणि खाली सूचना: या बाजूला फक्त पत्ता लिहावा. ही कार्डं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि बोटीने इकडे येत. येवल्याच्या माणसाने नांदगावला निरोप पाठवायचा तर तो कागद आधी समुद्र ओलांडून यायचा!

ही येरझार थांबली ती नाशिकमुळे. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं इथे छापली जाऊ लागली, पुढे कार्डंही. नाशिकरोडला आजही लोक नुसतं "प्रेस" म्हणतात आणि कुणाचे तरी वडील, सासरे तिथे नोकरीला असतातच. तेव्हा कन्याकुमारीच्या कुणी काश्मीरला टाकलेल्या जुन्या कार्डातही आपल्या गावाचा वाटा असू शकतो. याचा अभिमान बाळगा, पण बाजारात त्याचे जास्त पैसे देऊ नका.

कार्ड उलटं करा

आता मुख्य काम. कार्ड हातात आलं की काळ ठरवायचा. शिक्का स्पष्ट असेल तर प्रश्नच नाही. पण शिक्का बहुधा फिकट, अर्धा किंवा नेमका वर्षावरच पुसलेला असतो. मग इतर खुणा बघायच्या.

चेहरा बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत, दाढीवाला सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, दाढीवालाच पण मुकुट घातलेला पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, बिनदाढीचा सहावा जॉर्ज त्यानंतर. नवीन राजा आला तरी जुना साठा संपेपर्यंत विकला जायचा, त्यामुळे चेहऱ्यावरून "याच्या आधीचं नाही" एवढंच ठामपणे म्हणता येतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या डिसेंबरात घारापुरीची त्रिमूर्ती कार्डावर आली, आणि २ ऑक्टोबर १९५१ ला गांधीजींच्या चित्रांची कार्डं निघाली. स्वतः गांधीजी कार्डं फार वापरत आणि त्यांना "महात्मा गांधी, जिथे असतील तिथे" एवढ्या पत्त्यावर आलेलं टपालही पोचत असे.

किंमत बघा. पाव आणा हा दर १८७९ पासून १९२२ पर्यंत टिकला. त्रेचाळीस वर्षं एकच भाव, आज ऐकायला खोटं वाटतं. मग अर्धा आणा, नंतर नऊ पै. आणे-पै असतील तर कार्ड १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं. "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. नुसते "पैसे" असतील तर त्यानंतरचं.

पिनकोडचे सहा चौकोन बघा. ते असतील तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. जाता जाता सांगितलं, कारण नाशिकच्या शाळांत ४२२००१ पाठ करून घेतात, वेलणकर कुणी सांगत नाही.

आणि आपली खास मराठी खूण: मिती. जुन्या पत्रांत इंग्रजी तारखेऐवजी तिथी आणि शक असतो. शकात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. पौष-माघाच्या सुमारास जानेवारी लागलेला असेल तर ७९ मिळवा. फाल्गुन संपेपर्यंत हेच.

माझ्या तिसऱ्या तारेवरचं एक कार्ड समोर ठेवून दाखवतो. पाव आण्याचं, पाचव्या जॉर्जचं. पत्त्याच्या बाजूला दोन शिक्के: एक येवल्याचा, त्यात २६ आणि ऑगस्ट वाचता येतं, वर्षाच्या जागी शाईचा डाग. दुसरा नाशिकचा, पोचल्याचा, २८ तारखेचा. पत्ता असा: "रा. रा. अमुक यांस, मु. पो. नाशिक, पंचवटी, जि. मजकूर." जि. मजकूर म्हणजे वर सांगितलेलाच जिल्हा, पुन्हा नाव लिहायचा कंटाळा. उलट बाजूला वर मधोमध "श्री", उजवीकडे "मिती भाद्रपद शु. ५ शके १८३६". १८३६ अधिक ७८, म्हणजे १९१४. पंचांग काढून बघितलं तर त्या वर्षीची ऋषिपंचमी नेमकी २६ ऑगस्टला येते. शिक्का आणि मिती जुळली, डागाखालचं वर्ष सापडलं.

मजकूर आठ ओळींचा. "शि. सा. न. वि. वि." झाल्यावर लिहिणारा कळवतो की पैठणी मागावरून उतरायला अजून पंधरा दिवस लागतील, आणि शेवटी: "लढाई लागल्याने जर महागणार असे बोलतात. ठरला भाव पाळू, पुढील खेपेचे सांगवत नाही. लो. अ. ही वि." युरोपात महायुद्धाला तोंड फुटून महिनाही झाला नव्हता आणि येवल्याच्या विणकराला जरीची काळजी लागली होती. या कार्डाला भोक आहे, एक कोपरा उंदराने खाल्ला आहे, आणि बाजारात त्याचे कुणी पन्नास रुपये देणार नाही.

मजकुराचे संकेत शिकून घ्या. "ती." वडीलधाऱ्यांना, "चि." धाकट्यांना, "सौ." (सवाष्ण) आणि "गं. भा." (विधवा) यांतला फरक तर कुळकथाच सांगतो. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असेल तर लग्न-मुंजीची खबर. मृत्यूची खबर देणारी कार्डं मात्र वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत होती, ती घरात ठेवत नसत. अकराच्या अकरा तारांवर मला असं एकही कार्ड मिळालं नाही. पणजी कधी गेली हे मला कळलं ते आठवडाभराने आलेल्या सांत्वनाच्या चार कार्डांवरून.

शिक्क्यांत "टी" असलेला किंवा वसुलीची रक्कम लिहिलेला दिसला तर ते नॉटपेड कार्ड: कमी तिकीट लावलं, घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड. आणि घडीत जोडलेली दोन कार्डं मिळाली तर ते जोडकार्ड. एकावर तुम्ही लिहायचं, दुसरं समोरच्याने फाडून उत्तराला वापरायचं. दोन्ही अर्धी एकत्र राहिलेलं जोडकार्ड म्हणजे ज्याला उत्तर गेलंच नाही असं पत्र! मला ती फार आवडतात.

जुनी बरीच कार्डं मोडी लिपीत असतात. मोडी येत नाही म्हणून ती बाजूला टाकू नका. मोडीचे वर्ग आता अनेक ठिकाणी चालतात आणि महिना-दोन महिन्यांत मायना, गावाचं नाव, आकडे वाचण्याइतकी ओळख होते. मला आजही सलग मोडी वाचता येत नाही, पण "नासिक" आणि "रुपये" लांबून ओळखतो.

चित्रांची कार्डं: थोडक्यात, पण एक-दोन गोष्टींवर रेंगाळून

चित्रकार्डाचा काळ ठरवायची सोपी युक्ती म्हणजे मधली रेघ. सुरुवातीला एक बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, त्यामुळे निरोप चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत कोंबावा लागे. मग पत्त्याच्या बाजूला मधोमध रेघ मारून डावीकडे निरोपाला जागा द्यायला सुरुवात झाली: इंग्लंडमध्ये १९०२, फ्रान्समध्ये १९०४, जर्मनीत १९०५, अमेरिकेत १९०७. भारतातल्या दृश्यांची कार्डं तेव्हा बरीचशी जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये छापून येत, म्हणून ही खूण आपल्यालाही उपयोगी पडते. "जर्मनीत छापलेले" असं असेल तर बहुधा १९१४ च्या आधीचं, कारण लढाईने तो धंदा बुडवला. राफाएल टक आणि कंपनी या कार्ड-प्रकाशकांच्या हिंदुस्थानच्या मालिका प्रसिद्ध आहेत. त्यांच्या लंडनच्या इमारतीवर २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडले आणि मूळ चित्रं व कागदपत्रं जळाली. तेव्हा लोकांच्या घरातली कार्डं हाच त्यांचा मोठा दाखला उरला आहे.

मराठी माणसाने दोन नावं खास शोधावीत. एक, म. वि. धुरंधर. जे. जे. कलाशाळेतले हे चित्रकार, त्यांनी मुंबईच्या माणसांची कार्डं चितारली: पोलीस, मोलकरीण, ज्योतिषी. नुसती वेशभूषा दाखवून न थांबता प्रत्येकाची ऐट पकडलेली. दुसरं, रविवर्मा प्रेस. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांच्या मोठ्या रंगीत चित्रांबरोबर त्याची कार्डंही घराघरांत गेली. याच छापखान्यासाठी काही काळ काम करणारे एक गृहस्थ आपल्या त्र्यंबकेश्वरचे होते: धुंडिराज गोविंद फाळके. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि चित्रपटाकडे वळले ते त्यानंतर. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आपण सगळ्यांनी पाहिलंय. कधी रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं कार्ड हाती आलं तर ते भिंगाखाली धरा आणि दगडावरून एकेक रंग चढवताना किती हात लागले असतील ते बघा.

नाशिकची चित्रकार्डं म्हणजे मुख्यतः गंगाघाट, म्हणजे गोदावरीचा घाट: रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायण, घाटावरच्या बायका, गोदेचं पात्र. घाट नंतर बराच बदलला असल्यामुळे जुन्या कार्डात आपण कुठे उभे आहोत हेच पटकन कळत नाही. मी नारोशंकराची घंटा आणि दुतोंड्या मारुती शोधतो, मग बाकीचं जागेवर बसतं. हे कोडं सोडवायला एखाद्या रविवारी कार्डाची झेरॉक्स घेऊन घाटावर जा. घाटावर बसलेले म्हातारे स्वतःहून मदतीला येतात, भांडतातही.

देवळालीचा वेगळा कप्पा करा. तिथली इंग्रजांची छावणी १८६१ पासूनची. मायदेशी परतणारे सोजीर बोटीची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे. ऊन, कंटाळा, हिवताप. डोकं फिरलेल्याला इंग्रजीत "डूलॅली" म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचा, आणि त्याला जोडून येणारा "टॅप" म्हणजे आपला ताप. त्या सोजिरांनी घरी पाठवलेली कार्डं आज इंग्लंडमधून विक्रीला येतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन नागरिकांना अटकेत ठेवलं होतं. पुढे तिबेटात पोचलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांच्यापैकीच. अटकेतल्या लोकांची, सेन्सॉरचा शिक्का असलेली कार्डं दिसली तर सोडू नका.

शोधायचं कुठे

रद्दीवाला हा तुमचा खरा मित्र. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडा उतरायला लागला की कागद आधी त्याच्याकडे येतो. त्याला फोन नंबर द्या आणि किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन असं सांगून ठेवा. जुनी पुस्तकं विकणारे आणि नाण्यांचे व्यापारी यांच्याकडेही एखादा खोका असतोच, पण तो मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. मुंबईला गेलात तर चोरबाजार, पुण्याला गेलात तर रविवारचा किंवा बुधवारचा जुना बाजार. नाणी-तिकिटांची प्रदर्शनं भरतात तिथे टेबलाखाली ठेवलेले खोके चाळा, टेबलावरचा माल नेहमी महाग.

ऑनलाइन शोधताना एक युक्ती: नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एच काढून टाका. जुन्या शिक्क्यांवर आणि चित्रकार्डांवर ते एचशिवायच असतं, कधी दोन एस आणि शेवटी सी-के असंही. विकणारा परदेशी असतो, तो कार्डावर आहे तसं लिहितो. आजच्या स्पेलिंगने शोधलं की दोन-चार कार्डं दिसतात, जुन्याने शोधलं की रांग लागते. इगतपुरी, थळ घाट, त्र्यंबक, देवळाली यांचीही वेडीवाकडी स्पेलिंगं करून बघा.

खरं की खोटं

असंच एकदा रामकुंडाचं "१९०५ चं" कार्ड ऑनलाइन नऊशे रुपयांना घेतलं. फोटोत कडा पिवळ्या, एक कोपरा मुडपलेला, सगळं कसं हवं तसं. हातात आलं तेव्हा जुना वासच आला नाही. जुन्या पुठ्ठ्याला एक आंबट-गोड वास असतो, याला नव्या कागदाचा होता. भिंग लावलं तर आकाशात गुलाबी, निळे, पिवळे ठिपके रांगोळीसारखे. संगणकावरून छापून चहाच्या पाण्यात बुडवलेलं कार्ड होतं ते. विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही, पैसे गेले. ते कार्ड मी नवीन लोकांना दाखवायला ठेवलं आहे.

तेव्हा एक दहापट भिंग घ्या. घड्याळजी आणि सराफ डोळ्याला लावतात तसलं पुरतं. खऱ्या फोटोच्या कार्डात ठिपके नसतात, छटा सलग असतात, आणि जुन्या फोटोत काळ्या भागाच्या कडेला चंदेरी झाक येते. शंभर वर्षांपूर्वीच्या कोलोटाइप छपाईत बारीक, वळवळती, अनियमित रवाळी दिसते. एकसारख्या रांगेतले ठिपके म्हणजे ब्लॉकची छपाई, तीही जुनी असू शकते. रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर मात्र सावध.

दुसरं, नोटा तपासायचा निळा दिवा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन त्या उजेडात निळसर चमकतं. "१९१० चं" कार्ड ट्यूबलाइटसारखं उजळलं तर परत करा. तिसरं, शाई. बॉलपेन १९४५ च्या आधी आपल्या बाजारात नव्हतं, त्यामुळे पाचव्या जॉर्जच्या कार्डावर बॉलपेनचा ताजा मजकूर असेल तर कुणीतरी नंतर हात मारला आहे.

भाव

कोरं कार्ड मी सहसा घेत नाही. गांधीजी, त्रिमूर्ती, पुढची साधी वापरलेली कार्डं चहाच्या पैशात मिळायला हवीत. व्हिक्टोरियाची साधी कार्डंसुद्धा लोकांना वाटतं तेवढी दुर्मीळ नाहीत, कारण ती लाखोंनी खपली. म्हणून "राणीछाप आहे" या शब्दाला भुलून पाकीट उघडू नका. महाग असतात ती धुरंधर, रविवर्मा आणि गावाचं नाव असलेले खरे फोटो. नाशिकच्या फोटोकार्डावर आपल्याबरोबर इंग्लंडातला माणूसही बोली लावत असतो, तिथे हट्ट धरायचा की नाही हे आधी घरी ठरवून बसा.

सांभाळणं

नाशिकची हवा कोरडी असं आपण म्हणतो, ते जुलै-ऑगस्टला लागू नाही. आणि नदीकाठच्या घरांची कथा वेगळीच. माझ्या दोन तारांवरच्या कार्डांना १९६९ च्या महापुराची रेघ आहे: खालचा निम्मा भाग मातकट, वरचा स्वच्छ.

लॅमिनेशन करू नका, कधीच. सेलोटेप लावू नका. फाटलेलं फाटलेलंच राहू द्या. पीव्हीसीच्या पिशव्या, म्हणजे नवीन असताना रेक्झिनसारखा उग्र वास येणाऱ्या, कार्डाला चिकटतात आणि शाई ओढतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. सरकारी कार्ड साधारण १४ बाय ९ सेंटिमीटर, त्याहून थोडी मोठी पाकिटं लागतात. ती उभी, बुटाच्या खोक्यासारख्या डब्यात, फार घट्ट न दाबता. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवायचा नाही, खालच्या खणातही नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या कार्डांच्या डब्यात नकोत. कसर लागली की कडांना कुरतडल्याच्या नक्ष्या दिसतात. ते कार्ड आधी वेगळं काढा. पावसाळा सरला की एका कोरड्या दिवशी सावलीत सगळं पसरून हवा द्या, उन्हात नाही.

ओल्या फडक्याने पुसायचा मोह फार होतो. जांभळट पेन्सिलीने लिहिलेली कार्डं असतात, ती कॉपिंग पेन्सिल. पाण्याचा थेंब लागला की ती शाईसारखी फुटते आणि पाच मिनिटांत पत्र म्हणजे वांग्याचा रंग. पुसायचं तर कोरड्या मऊ ब्रशने.

वही

प्रत्येक कार्डाचा क्रमांक, कुठून मिळालं, किती दिले, शिक्के, तारीख कशी ठरवली, मजकुराचा सारांश. दोन्ही बाजू स्कॅन करा, चित्राचीच नव्हे. आणि एक पथ्य: ही माणसांची पत्रं आहेत. कर्ज, भांडण, मुलीची परत आलेली पत्रिका, सगळं त्यात असतं. शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी नातवंडं याच गावात असतात. नाव-पत्ता झाकल्याशिवाय मी काही फेसबुकवर टाकत नाही. एकदा एका घरी त्यांच्याच आजीचं कार्ड नेऊन दिलं, तेव्हा त्या काकूंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि चहा ठेवायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. संग्रहातून कार्ड कमी झालं म्हणून मला वाईट वाटलं नाही.

आणि एक कार्ड टाका

पन्नास पैशांत आजही पोस्टकार्ड मिळतं. त्र्यंबक नाक्याजवळच्या मुख्य टपाल कार्यालयात जा, दहा घ्या. खिडकीवरचे साहेब पाच रुपयांच्या मागणीला जरा वैतागतात, तिकडे लक्ष देऊ नका. मोकळ्या वेळी गेलात आणि नीट विनंती केलीत तर शिक्का स्पष्ट मारून देतात. परगावी गेलात की तिथून एक स्वतःच्या पत्त्यावर टाका, हुकसारखं. आज काय भावाला काय घेतलं, पाऊस कसा आहे, कुणाकडे उतरलो, एवढं लिहा. मिती घाला.

मी गेल्या आषाढात त्र्यंबकहून स्वतःला एक टाकलं. अठ्ठावीस किलोमीटरला पाच दिवस लागले. आमच्या पोस्टमननी बेल वाजवली, कार्ड उलटसुलट केलं आणि विचारलं, "काका, अक्षर तुमचंच दिसतंय की." मी हो म्हणालो. ते जाईनात, मग मी त्यांना आत बोलावून येवल्याचं कार्ड दाखवलं. त्यांनी पत्ता वाचला, दोन्ही शिक्के बोटाने दाखवले आणि म्हणाले, "दोन दिवसांत पोचलंय हो हे."